निवडुंगावरची छत्री

माझ्या वहिनीच्या रुखवतात चिरोट्यांच्या ताटामागे तेलाचा एक रिकामा डबा मांडला होता, आणि त्या डब्यात फड्या निवडुंग लावलेला होता. डब्याला बाहेरून गेरू फासून वर चुन्याची वेलबुट्टी काढलेली, आणि सगळ्यांत मोठ्या फड्यावर हळदीकुंकवाची बोटं उमटवलेली. आमच्याकडच्या बायका रुखवत बघायला वाकल्या होत्या. आईला वाटलं, हल्ली मिळतं तसलं प्लॅस्टिकचं झाड असेल. खात्री करून घ्यायला तिनं बोट लावलं आणि तसंच मागे घेतलं. निवडुंगाच्या मोठ्या काट्याचं काही नाही, तो दिसतो तरी. त्याच्या बुडाशी असतात ती बारीक कुसळं वाईट. दिसत नाहीत आणि बोचायची थांबत नाहीत.

नवरी शेजारच्याच खोलीत सजून बसली होती. कुणीतरी आत जाऊन सांगितलं, तशी ती मुंडावळ्या सावरत बाहेर आली, आईचं बोट उजेडाकडे धरलं आणि मान खाली घालून एकेक कुसळ नखानं उपटून काढायला लागली. बायका बघत राहिल्या. वऱ्हाडातल्या एका मावशीनं मुहूर्ताची आठवण केली, तर ही म्हणाली, एवढं एक राहिलंय. ते निघाल्यावरच ती बोहल्यावर गेली.

आमचं गाव निफाडच्या पलीकडे, द्राक्षाच्या पट्ट्यात. वहिनीचं माहेर जत तालुक्यात, जिथं उन्हाळ्यात कावळासुद्धा सावली बघून बसतो म्हणे. दादा द्राक्षाच्या कलमांच्या कामानं सांगलीकडे जायचा, तिथल्या ओळखीतून हे स्थळ आलं होतं. वहिनीचं नाव वैजयंता. ती आईला आत्याबाई म्हणायची, तात्यांना मामा म्हणायची, आणि मला, बारावीत शिकणाऱ्या मुलीला, वन्सं म्हणायची. मला ते इतकं आवडलं की पहिले काही दिवस मी उगाचच स्वयंपाकघरात जाऊन उभी राहायचे.

माप ओलांडून ती घरात आली आणि तिच्या मागून टेंपोतून तो डबा उतरला. आईनं त्याला उंबऱ्यावरच अडवलं. काटेरी झाड दारात असलं की घरात भांडणं लागतात, हे तिनं सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. आमच्या घराला त्यासाठी झाडाची गरज नव्हती. आई आणि तात्या यांचं चहातल्या साखरेवरून माझ्या जन्माच्या आधीपासून चाललेलं होतं.

"आमच्याकडं तर समद्या गावाच्या दारात हाय, आत्याबाई," वहिनी म्हणाली.

"मग गावात काय थोडी भांडणं असतील?"

वहिनीनं जरा विचार केला. "न्हाई, हायेत की. लई हायेत."

हळदीच्या अंगानं, नवी नवरी असून ती हे इतकं खरेपणानं म्हणाली की तात्या मोठ्यानं हसले. आईलाही हसू आलं, पण तिनं ते पदरात घेतलं. शेवटी तडजोड झाली. निवडुंग मागच्या बाजूला ठेवायचा. आमची थंडी काढून तो होळीपर्यंत जगला, तर आई स्वतः त्याला पुढच्या दारात जागा देणार. मेला, तर तो होळीत जाणार आणि या घरात पुन्हा काट्याचं नाव काढायचं नाही.

"दारात?" वहिनीनं विचारलं.

"दारात," आई म्हणाली. शब्द दिला की आई फिरत नसे. पण तिला निकालाची खात्रीच होती, कारण निफाडची थंडी तिच्या बाजूनं होती.

या थंडीचा आमच्याकडे अभिमान असतो. पेपरात आमचा पारा सगळ्यांत खाली आला की तात्या ती बातमी पारावर वाचून दाखवायचे, जणू पारा यांनीच ओढून खाली आणला होता. अभिमान वेगळा आणि धास्ती वेगळी. गवतावर पांढरं पडायला लागलं की तात्यांना झोप नसे. बागेला ताप आला तर यांच्या अंगात कणकण यायची. मग पहाटे उठून मोटार लावायची, बागेला पाणी द्यायचं आणि बांधाबांधानं शेकोट्या करून धूर धरायचा. थंडीत विहिरीचं पाणी कोमट असतं. ते पाजलं की वेलीची मुळं गारठत नाहीत. आमच्याकडे हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

वहिनीचं शास्त्र बरोबर उलटं होतं. दसऱ्यानंतर तिनं गोठ्याच्या दक्षिणेच्या भिंतीला लागून मुरूम आणि फुटक्या कौलांचा ढीग केला आणि निवडुंग डब्यातून काढून त्यावर लावला. दिवाळी झाली आणि तिनं त्याचं पाणी बंद केलं. कमी नाही केलं, बंदच केलं. कोरडा असला की निवडुंग कसलीही थंडी सोसतो, ओला असला की कुजतो, असं तिच्या वडिलांनी तिला येताना सांगितलं होतं. पण आमच्याकडे पहाटे दव पडायचं, आणि ते तिच्या हिशेबात नव्हतं. तिनं माळ्यावरून तात्यांची जुनी काळी छत्री शोधून काढली, एका काठीला बांधली आणि निवडुंगावर उभी केली.

ऐन डिसेंबरात, निरभ्र आभाळाखाली, निवडुंगावर छत्री. आमच्या मागच्या वाटेनं जाणारा माणूस थांबल्याशिवाय पुढे गेला नाही. कुणी विचारायचं, पाऊस येणार आहे का. कुणी विचारायचं, चप्पल नाही का घातली त्याला. वहिनी सगळ्यांना एकच उत्तर द्यायची, की त्याला दव बाधतं. घरात आम्हीही हसायचो. मीसुद्धा, हे सांगून टाकलेलं बरं, पोट धरून हसले.

तिची स्वतःची अवस्था काही त्याच्यापेक्षा बरी नव्हती. साडीवर दादाचा स्वेटर, पायात मोजे, कानाला तात्यांची माकडटोपी. पहिल्यांदा तोंडातून वाफ निघाली तेव्हा ती घाबरली, आणि मग दिवसभर मला बोलावून बोलावून ती वाफ दाखवत राहिली. पण संध्याकाळी ऊन गेलं की ती गोठ्याच्या त्या भिंतीला पाठ लावून बसायची. दगड तेवढा वेळ गरम असायचे. मी एकदा जाऊन शेजारी बसले, तर तिचे डोळे भरलेले. त्या निवडुंगानं जगावं, असं मला त्या संध्याकाळपासून मनापासून वाटायला लागलं, कारण तिच्या गावचं असं त्या घरात तेवढं एकच होतं.

निवडुंग मात्र दिवसेंदिवस मरतुकडा होत चालला. फडे आत ओढले गेले, सुरकुतले आणि माना टाकून बसले. आई आठवड्यातून एकदा पाहणी करायची आणि गेलं म्हणून जाहीर करायची. वहिनी म्हणायची, झोपलंय. सुकतंय तोवर भ्यायचं कारण नाही, उलट असंच सुकायला पाहिजे, हे ती तात्यांनाही समजावून सांगायची. तात्या हो हो म्हणायचे. माणसाचं तोंड एक बोलतं आणि चेहरा एक, तसं त्यांचं त्या वेळी व्हायचं.

त्याच सुमाराला घरात दुसरंच एक भांडण सुरू झालं होतं. सकाळी बंबातलं पाणी पुरेना. बंब पहाटेच पेटलेला असायचा, आणि दादा आंघोळीला जाईपर्यंत निम्मा रिकामा. दादा माझ्या केसांवर घसरायचा, मी त्याच्या दोन बादल्यांवर. आईनं बंब तपासायला गावातल्या तांबटाला बोलावलं. त्यानं सगळीकडून बोट फिरवून बघितलं आणि गळत नाही म्हणून सांगितलं. जाताना त्यानंही छत्रीपाशी थांबून चौकशी केलीच.

मग एक दिवस वहिनी मागून आली ती हातात एक फडा घेऊन. फडा खालून काळा पडून बुळबुळीत झाला होता आणि धरल्याबरोबर हातात आला होता. आम्ही सगळे मागे गेलो. छत्री जागेवर होती. वहिनीनं मुरूम बोटानं उकरला, तर खाली चिंब ओल. दवाची एवढी ओल होत नाही. कुणीतरी पाणी घालत होतं.

वहिनी कुणाकडेही न बघता विळा घेऊन आली. कुजलेलं तेवढं कापून टाकलं, कापल्या जागी चुलीतली राख दाबली, ओला मुरूम उपसून कोरडा भरला. एवढ्या मोठ्या झाडाचे दोन फडे आणि खालचा बुंधा उरला. बोलली काहीच नाही, आणि तिचं ते न बोलणं आम्हांला फार लागलं.

जेवताना दादानं सहज खडा टाकला. म्हणाला, "आई, जिंकायची एवढी काय घाई होती?"

आईनं हातातली भाकरी ताटात ठेवली. तात्या वरणात मीठ शोधायला लागले. वहिनी भाकरी थापायची थांबली.

"मला हरायचं असंल तर उजेडात हरंन," आई म्हणाली. "झाडाला इख घालणारी बाई नाही मी. कोण पाणी घालू राहिलं ते मीच धरून देते."

दुसऱ्या दिवशी पहाटे तिनं मला उठवलं. एकटीनं धरलं तर कुणी विश्वास ठेवणार नाही, साक्षीला कुणीतरी पाहिजे, असं तिचं म्हणणं. आम्ही दोघी घोंगडी पांघरून गोठ्यात, कडब्याच्या आडोशाला बसलो. गाय आमच्याकडे संशयानं बघत होती. बाहेर उजाडायला लागलं होतं. चहूबाजूंच्या बागांतून शेकोट्यांचा धूर निघत होता आणि लांब कुठेतरी मोटारी घुरघुरत होत्या. माझे दात वाजायला लागले तशी आईनं माझ्या तोंडावर हात ठेवला.

आणि आमच्या न्हाणीघराच्या बाजूनं तात्या आले. हातात बादली, बादलीतून वाफा. त्यांनी बादली ढिगापाशी टेकवली, बाही वर सारली आणि पाण्यात कोपर बुडवून बघितलं. गरम वाटलं असावं. बाजूच्या टाकीतलं तांब्याभर गार पाणी त्यात ओतलं, पुन्हा कोपर बुडवलं. आता जमलं. मग छत्री एका हातानं हळूच कलती केली आणि तान्ह्या बाळाला घालावं तसं तांब्यातांब्यानं ते कोमट पाणी निवडुंगाच्या बुडाशी सोडायला लागले.

"घे," ते त्याला म्हणाले. "घे बाबा, बरं वाटंल."

आई घोंगडीसकट उठून बाहेर गेली. तात्यांच्या हातातला तांब्या बादलीत पडला.

त्यांनी काहीही लपवलं नाही. पोरगी एवढ्या लांबून आली, तिला इथली थंडी ठाऊक नाही, झाड डोळ्यांदेखत सुकू राहिलंय आणि ती आपली झोपलंय म्हणू राहिली. थंडीत वेलीला पाणी तोडलं तर बाग जाते, हे त्यांनी जन्मभर बघितलेलं. आता सुनेला तुझं चुकतंय असं तोंडावर कसं म्हणायचं? तिचं एवढं एकच तर आहे. म्हणून ते तिचं झाड तिला न कळता वाचवत होते.

आई ऐकत होती. आधी तिचे खांदे हलले, मग तिनं तोंडाला पदर लावला, आणि मग ती सरळ खाली मुरमात बसून हसायला लागली. मला वाटलं, आता सगळं गाव जागं होणार.

"अहो, ती त्याला मुद्दाम कोरडं ठेवू राहिली," हसता हसता ती म्हणाली, "आणि तुम्ही त्याला रोज आंघोळ घालू राहिले. पोराच्या बंबातलं पाणी आणून."

तात्यांनी त्या काळ्या पडलेल्या बुंध्याकडे बघितलं. मग त्यांचा चेहरा असा पडला की आईचं हसू थांबलं. एवढंच म्हणाले, "तिला सांगू नको. पोरीला वाटंल, सासऱ्यानंच मारलं."

आईनं बादली उचलली आणि उरलेलं पाणी नारळाच्या आळ्यात ओतलं.

चहाच्या वेळी सगळे चुलीभोवती बसले होते. दादानं हसत विचारलं, चोर सापडला का. तात्या कपात बघत होते. आईनं वहिनीकडे तोंड केलं.

"मीच घालत व्हते पाणी," ती म्हणाली. "आता नाही घालणार."

दादाला ठसका लागला. मी तोंड उघडलं होतं, पण आईनं पाटाखालून मला असा चिमटा काढला की ते उघडंच राहिलं. आदल्या रात्री नुसत्या थट्टेनं पेटलेली ही बाई, आणि तिनं तो आळ आपल्या हातानं कपाळाला लावून घेतला. वहिनीनं एकदा आईकडे बघितलं, एकदा तात्यांकडे, आणि चुलीत फुंकर घालायला वाकली. धूर झाला नव्हता, तरी बराच वेळ फुंकत होती.

त्यानंतर थंडीनं खरा हात दाखवला. एका सकाळी गवत, बांध, गोठ्याचे पत्रे, सगळं पांढरं झालं. छत्रीवरही पांढरा थर बसला होता, आणि तिच्याखाली मुरूम ठणठणीत कोरडा. तात्यांचे हात शिवशिवायचे. सवय झाली होती. ते पहाटे बागेतून येताना ढिगापाशी थांबायचे, छत्रीची दोरी उगाच आवळायचे आणि मागे बघत बघत घरात यायचे. आई स्वयंपाकघराच्या खिडकीतून पहारा द्यायची. बंबातलं पाणी पुरायला लागलं. बंब आपोआप सुधारला, असं दादा अजून समजतो.

होळीच्या दिवशी निकाल लागायचा होता. दारात एरंड रोवून गोवऱ्या रचून झाल्या आणि आई मागच्या बाजूला निघाली. आम्ही सगळे मागोमाग. वहिनीनं छत्री काढून घेतली. दोन सुरकुतलेले फडे, माना टाकलेले, रंग मातीसारखा. मेलेल्यात आणि त्यांच्यात फरक मला तरी दिसत नव्हता. वहिनीचे ओठ घट्ट मिटलेले होते. आईनं नुसतं मान हलवून पुढे चालू पडायचं, एवढंच बाकी होतं.

आई उकिडवी बसली. तिनं हात पुढे केला, वरून नाही, बुडातून, काटे चुकवून फडा धरला आणि अंगठ्याचं नख त्यात रोवलं. सालीखालून हिरवं दिसलं, आणि त्यातून चिकट पाण्याचा एक थेंब वर आला.

"जित्तं आहे," आई म्हणाली. "दारात लावा."

तात्यांनी कुदळ आधीच आणून ठेवली होती. पायरीच्या उजव्या अंगाला त्यांनी खड्डा घेतला, वहिनीनं मुरूम भरला, आईनं फड्यावर हळदकुंकू वाहिलं आणि पुन्हा एकदा कुसळं टोचून घेतली. वहिनीनं ती पुन्हा उजेडात बसून काढली. त्या दिवशी ती स्वयंपाक करताना गाणं म्हणत होती. तिला गाता येतं हे आम्हांला तोवर माहीतच नव्हतं.

ऊन तापलं तसे ते फडे आतून फुगत गेले, ताठ झाले, वर नवे फडे निघाले. पुढच्या की त्याच्या पुढच्या वर्षी पिवळी फुलं आली आणि मग लालभडक बोंडं. वहिनीनं ती चिमट्यानं काढली, जाळावर फिरवून कुसळं जाळली आणि पायरीवर बसून विळीवर चिरली. आतला गर रक्तासारखा लाल. जतकडे पोरं हीच खाऊन मोठी होतात, ती सांगत होती. आम्ही सगळ्यांनी खाल्ली आणि एकमेकांच्या जिभा बघून हसलो. आईनं तेवढं तोंड फिरवलं. काट्याच्या झाडाचं आपण खात नाही म्हणाली.

थंडी तोंडावर आली होती. वहिनीनं माळ्यावरून छत्री काढून आणून पायरीवर ठेवली होती. तात्या ती उघडून तिच्या काड्या तपासत होते, तेव्हा वहिनी विळीवरची मान वर न करता म्हणाली,

"मामा, यंदा पाणी घालू नका बरं का."

तात्या चमकले. त्यांनी आईकडे बघितलं. आईनं मान हलवली, मी नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मीही नाही.

"मला ठावं होतं," वहिनी म्हणाली. "फडा हातात यायच्या आदीपास्नं. मोरीच्या खिडकीतनं दिसायचा तुम्ही. कोपर घालून पाणी बघायचा."

"मग बोलली का नाही गं?" तात्यांनी विचारलं. "तुझं झाड मरू राहिलं व्हतं."

"निवडुंगाचं काय, मामा, फडा टाकला तिथं परत येतोय," ती म्हणाली. "सासऱ्यानं पाणी कोमट करून आणल्यालं मला परत कुठं बघायला मिळणार होतं? आणि सासूनं आळ अंगावर घेतल्याला?"

मग तात्या उठले आणि मोटार बघून येतो म्हणाले. वीज दुपारपासून गेलेली होती. तरी ते गेले, छत्री उघडी तशीच डोक्यावर धरून, भर उन्हात. पाठीमागून बघणाऱ्याला कळू नये म्हणून ते उपरण्यानं घाम पुसत होते, तो सगळा डोळ्यांचाच होता.

"अहो, छत्री ठेवून जा," आई ओरडली. "झाडाची आहे ती."

ओरडताना तिचं तोंड उघडलं. जीभ आम्हां सगळ्यांपेक्षा लाल होती.